वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात किती रात्री? अंदाज बांधायची रीत

"किती दिवस राहावं लागेल?" शस्त्रक्रिया ठरली की घरचे पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि उत्तरही ठरलेलं असतं: "दोन-तीन दिवस." हे उत्तर चुकीचं नसतं. पण त्यावर रजा टाकता येत नाही, मुलांची सोय लावता येत नाही आणि परतीचं तिकीट तर मुळीच काढता येत नाही.

मी सर्जन नाही. बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांच्या, वॉर्डात कोण कधी घरी जाणार, कुठली खाट कधी रिकामी होणार, हे जुळवणं माझं काम. सुरुवातीच्या काळात एका बाईंच्या मुलाला मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "दोन रात्री. शुक्रवारी घरी." त्यानं शुक्रवार रात्रीचं आरक्षण करून टाकलं. शुक्रवारी सकाळी बाईंच्या पोटात घोटभर पाणी ठरेना. धोक्याचं काही नव्हतं, नुसती मळमळ आणि उलट्या. त्या रविवारी घरी गेल्या. मुलगा चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून मी एकच तारीख कधी देत नाही. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि ते कशावरून ठरेल, या तिन्ही गोष्टी सांगते. हा अंदाज तुम्हालाही बांधता येतो. त्याला वही-पेन आणि थोडे आगाऊ प्रश्न पुरतात.

पहिली पायरी: मोजायचं काय ते ठरवा

दिवस मोजू नका, रात्री मोजा. सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया आणि बुधवारी दुपारी डिस्चार्ज, याला कोणी दोन दिवस म्हणतं, कोणी तीन. रात्री मात्र दोनच. मोजणी शस्त्रक्रियेच्या दिवसापासून करा. काही ठिकाणी आदल्या दिवशी दाखल करून घेतात, ती रात्र वेगळी लिहा.

दवाखान्यातून सुटणं म्हणजे बरं होणं असंही धरू नका. डिस्चार्जचा अर्थ इतकाच, की यापुढची काळजी घरी घेता येईल. बसून करायचं काम बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत जमतं. जड उचलायला साधारण चार ते सहा आठवडे मनाई असते. हा हिशेब वेगळ्या पानावर.

दुसरी पायरी: शस्त्रक्रियेच्या प्रकारावरून पाया घ्या

दुर्बिणीतून केलेल्या, पहिल्यांदाच होणाऱ्या आणि गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी मी हे आकडे धरते. जठराभोवतीचा पट्टा: त्याच दिवशी घरी किंवा एक रात्र. स्लीव्ह: एक ते दोन रात्री. बायपास, म्हणजे रू-एन-वाय किंवा एकाच जोडाचा: एक ते तीन, बहुतेकांना दोन. ड्युओडेनल स्विचसारखी मोठी शस्त्रक्रिया: दोन ते चार. आधीची शस्त्रक्रिया दुरुस्त करायची असेल, तर किमान एक रात्र वाढवा. आतल्या चिकटलेल्या जागा सोडवण्यातच बराच वेळ जातो, आणि आधी कापलेल्या भागाचा रक्तपुरवठा तितका भरवशाचा राहत नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरते एक अरुंद नळी. बायपासमध्ये जठराचा जेमतेम 30 मिलिलिटरचा कप्पा करून तो आतड्याला जोडतात. ऐकायला बायपास मोठी वाटते. पण मळमळीचा त्रास आमच्याकडे स्लीव्हवालेच जास्त सांगतात, कारण त्या अरुंद नळीत दाब जास्त असतो. म्हणून "लहान शस्त्रक्रिया, लवकर घरी" हे गणित दरवेळी जुळत नाही.

हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या दवाखान्याचा आकडा मिळवायचा असेल तर "सरासरी किती दिवस?" असं विचारू नका. त्यातली मेख दाखवते. समजा दहा रुग्ण अनुक्रमे 1, 1, 2, 2, 2, 2, 2, 3, 3 आणि 12 रात्री राहिले. बेरीज 30, सरासरी 3. पण दहातले सात जण त्याआधीच घरी पोचले होते, आणि बारा रात्री राहिलेल्या माणसाची या सरासरीत चाहूलही लागत नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा: "या शस्त्रक्रियेचे निम्मे रुग्ण कितव्या दिवशी घरी गेलेले असतात? आणि दहातले नऊ कितव्या दिवशी?" पहिलं उत्तर हा तुमचा पाया, दुसरं ही तुमची राखीव मुदत. ज्या टीमला ही उत्तरं पटकन देता येतात, ती आपली नोंद नीट ठेवते हेही कळून जातं.

दवाखान्याची पद्धतही बघा. 1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी लवकर उठवणं, लवकर खायला-प्यायला देणं, नळ्या कमी ठेवणं आणि अफूजन्य वेदनाशामकं टाळणं अशी पद्धत रुळवली. बेरिॲट्रिकसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वं 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे हे पाळतात तिथे रुग्ण त्याच संध्याकाळी चालतो. जिथे प्रत्येकाला ड्रेन, म्हणजे आतला स्राव बाहेर काढणारी नळी, घालतात आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काढायचा असा शिरस्ता आहे, तिथे मुक्काम शरीरापेक्षा शिरस्त्यावर ठरतो. त्यात वाईट काही नाही, फक्त आधी माहीत हवं.

तिसरी पायरी: मुक्काम वाढवणारी तुमच्या शरीरातली "कारणं" मोजा

इथे घाई करू नका. सगळा अंदाज इथेच घडतो किंवा बिघडतो.

सगळ्यात वर मी लिहिते झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया. भुलीचा अंमल आणि वेदनाशामकं या दोन्हींनी श्वास मंदावतो. असा रुग्ण पहिल्या रात्री ऑक्सिजनच्या मॉनिटरवर राहतो, आणि झोपेत पातळी घसरत राहिली तर दुसऱ्या रात्रीही. निदान झालेलं नसेल तर स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची चाचणी स्वतः करून बघा: घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी पाहिलं आहे का, रक्तदाब, 35 च्या वर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन मोजणारा आकडा), पन्नाशी ओलांडलेलं वय, जाड मान आणि पुरुष असणं. प्रत्येक "हो"ला एक गुण. या शस्त्रक्रियेला येणाऱ्या बहुतेकांना बीएमआयचा गुण फुकटातच मिळतो, त्यामुळे बेरीज पटकन चढते. पाच किंवा जास्त आले तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

दुसरं कारण मळमळीकडे कल. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला ॲपफेल गुणांक चारच गोष्टी बघतो: स्त्री असणं, धूम्रपान न करणं, प्रवासात किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या होणं, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य वेदनाशामकं लागणं. एकही नसेल तर त्रासाची शक्यता सुमारे 10 टक्के, चारही असतील तर सुमारे 80. हे आकडे आगाऊ औषध न देता आहेत. औषधं दिली की शक्यता बरीच उतरते, पण त्यासाठी भूलतज्ज्ञांना आधी कळायला हवं. "मला गाडी लागते" हे वाक्य त्यांच्या दृष्टीनं फार कामाचं असतं आणि रुग्ण नेमकं तेच सांगायला विसरतो. (धूम्रपान करणाऱ्यांना मळमळ कमी होते, हे वाचून कोणी खूश होऊ नये. टाके न भरण्याचा आणि छातीच्या त्रासाचा धोका त्यांनाच जास्त.)

तिसरं, चालण्याची क्षमता. 2009 मध्ये अमेरिकेतल्या दहा दवाखान्यांमधल्या 4776 रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या 30 दिवसांत मृत्यू, रक्ताची गुठळी, पुन्हा हस्तक्षेप किंवा महिनाभरातही घरी न जाता येणं, यांपैकी काहीतरी 4.3 टक्के लोकांना झालं. ते कोणाला झालं हे बघताना तीन गोष्टी ठळक दिसल्या: पूर्वी गुठळी झालेली असणं, स्लीप ॲप्निया, आणि साधारण 60 मीटर चालता न येणं. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, "घरापासून न थांबता कुठपर्यंत जाता?" किलो सांगतात त्यापेक्षा या उत्तरातून मला जास्त कळतं.

मग बाकीची कारणं: इन्सुलिनवर असलेला किंवा ताब्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, कारण ती कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची यात एक-दोन रात्री जातात, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, 50 च्या वर बीएमआय, पोटावर आधी झालेल्या मोठ्या शस्त्रक्रिया. वय मी यादीत शेवटी ठेवते. रोज चालणारा साठीचा माणूस पस्तिशीतल्या बैठ्या माणसाआधी घरी गेलेला मी किती वेळा पाहिलाय.

इंटरनेटवर धोका मोजायची कोष्टकं सापडतात. त्यांपैकी पाच मुद्द्यांचं एक जुनं कोष्टक (बीएमआय, पुरुष असणं, रक्तदाब, वय, गुठळीचा धोका) फार फिरतं. ते मृत्यूच्या धोक्यासाठी बनवलेलं आहे. त्यावरून रात्री काढू नका, उगाच घाबराल.

आता हिशेब. एकही कारण नाही: दुसऱ्या पायरीतल्या आकड्याची खालची बाजू धरा. एक किंवा दोन: वरची बाजू. तीन किंवा जास्त: वरच्या बाजूत एक रात्र मिळवा आणि शिवाय एक दिवस मोकळा ठेवा. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, शास्त्रीय चाचणी नव्हे.

समजा, 52 वर्षांच्या एक बाई आहेत. स्लीव्ह ठरली आहे, बीएमआय 46. ॲप्नियाचं निदान आहे, झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन घरी आहे पण आठवड्यातून दोनदाच लावतात. मधुमेहाला गोळ्या. धूम्रपान नाही, बसमध्ये हमखास उलटी. पाया एक ते दोन. कारण एक, ॲप्निया, तोही नीट न सांभाळलेला. कारण दोन, मळमळ: तीन गुण आत्ताच झाले, शस्त्रक्रियेनंतर जोरदार वेदनाशामक लागलं तर चौथाही. कारण तीन, मधुमेह. नेमका किती ताब्यात आहे ते तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर बघायचं. त्यांना मी सांगेन: दोन ते तीन रात्री, त्यापुढचा एक दिवस मोकळा ठेवा. त्यांनी पुढचा महिना रोज मशीन लावलं आणि साखर आटोक्यात आणली, तर याच बाईंना दोन रात्री सांगताना मला धाकधूक वाटणार नाही.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेआधीच एखादी रात्र कमी करा

दोन ते चार आठवडे कमी उष्मांकाचा जो आहार देतात तो यकृत आकसावं म्हणून असतो. जठर यकृताच्या डाव्या भागाखाली असतं. ते यकृत चरबीनं फुगलेलं असेल तर सर्जनला वाटच मिळत नाही, शस्त्रक्रिया लांबते आणि क्वचित पोट उघडावंही लागतं. "शेवटचं एकदा मनसोक्त खाऊन घेऊ" म्हणणारे नेमकी हीच वाट बंद करतात.

धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद. सीपॅप असेल तर रोज लावा आणि शस्त्रक्रियेला येताना मशीन आणि मास्क दोन्ही घेऊन या. मास्क घरी राहिला म्हणून एक रात्र वाढलेली मी बघितली आहे. तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम आधीपासून करा, नंतर शिकायला गेलात तर दुखतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा "ग्लिफ्लोझिन"नं संपणाऱ्या नावांची गोळी असेल, तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. साधारणतः शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. उपाशी शरीरात या गोळीमुळे रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर जवळपास नॉर्मल दिसत असताना. म्हणजे अतिदक्षता विभागाची वारी.

पाचवी पायरी: शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी अंदाज दुरुस्त करा

सर्जन भेटतील तेव्हा चार प्रश्न पुरेत. ठरलं होतं तेच केलं का? दुर्बिणीतूनच झालं का? रक्तस्राव किंवा हर्निया असं काही वेगळं निघालं का? रात्र वॉर्डात की अतिदक्षता विभागात? सगळं ठरल्याप्रमाणे असेल तर आकडा तोच ठेवा. पोट उघडावं लागलं असेल तर जुना आकडा खोडून नवा विचारा.

शस्त्रक्रिया किती वाजता झाली तेही लिहा. सकाळी आठचा रुग्ण संध्याकाळी दोन फेऱ्या मारतो. संध्याकाळी पाचचा रुग्ण त्याच फेऱ्या दुसऱ्या दिवशी मारतो. शरीर तेच, पण कॅलेंडरवर अर्धा दिवस गेलेला.

सहावी पायरी: दुसऱ्या दिवसाची सकाळ

इतक्या वर्षांत माझा सगळ्यात खरा ठरलेला अंदाज शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला केलेला असतो. तोपर्यंतचं सगळं शक्यतांवर चालतं, आता शरीर स्वतः बोलतं.

पहिली बघायची नाडी. विश्रांतीत शंभरच्या आत असेल तर उत्तम. शंभर ते एकशेवीसमध्ये असेल तर कारण शोधतात: दुखतंय का, पाणी कमी पडलंय का, ताप आहे का. एकशेवीसच्या वर टिकून राहिली तर त्या दिवशी घरचं नाव काढू नका, रक्तस्राव किंवा टाक्यांच्या जागेतून होणारी गळती शोधायची वेळ आहे. एका पहाटे एक गृहस्थ खाटेवर ताठ बसून होते. "थोडी ॲसिडिटी वाटतेय," एवढंच म्हणाले. चेहरा ठीक, ताप नाही. मॉनिटरवर 124. सिस्टरनं तासाभरात तीनदा मोजली, तीनदाही तेवढीच. "ॲसिडिटी"वर न थांबता तिनं सर्जनना फोन लावला. टाक्यांच्या रेषेवरून रक्त येत होतं. फोन वेळेत गेल्यामुळे त्यांचा मुक्काम तीन रात्रींनी लांबला, तेवढ्यावर निभावलं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी मात्र औषधामुळे दबलेली असते, त्यांच्याबाबतीत आकड्यावर विसंबू नका.

दुसरं, पिणं. 30 मिलिलिटरचा छोटा कप, दर पंधरा मिनिटांनी एक, घोट घोट करत. तासाला 120 मिलिलिटर होतात, जागेपणीच्या बारा तासांत जवळपास दीड लिटर. कागदावर रेघ मारत जा. "पितोय की!" म्हणणाऱ्यांच्या रेघा मोजल्या तर कित्येकदा सहाच निघतात. सकाळच्या दोन तासांत पाच-सहा कप न उलटता गेले, तर मी त्यांचं नाव त्याच दिवशीच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या यादीत घालते.

बाकीचं भराभर: आधाराशिवाय शौचालयापर्यंत आणि पुढे चालता येतंय का, लघवी झाली का, ऑक्सिजनची नळी काढल्यावर पातळी टिकते का, आणि वेदना इंजेक्शनऐवजी तोंडानं घ्यायच्या औषधावर भागते का. खांदा दुखतो म्हणून घाबरू नका. पोट फुगवायला वापरलेल्या वायूमुळे छाती आणि पोटामधला पडदा चिडतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. चालल्यानं कमी होतं, आणि त्याच्यासाठी कोणी रात्र वाढवत नाही. सगळ्यांना "हो" असेल तर अंदाजाची खालची बाजू. एकच अडलं, आणि ते पिणं असेल, तर एक रात्र वाढवा. नाडी किंवा ऑक्सिजन अडला असेल तर आकडा सांगणं थांबवा आणि तपासण्यांची वाट बघा.

सातवी पायरी: लांबलंच तर

रक्तस्राव बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत कळतो आणि काही रात्री वाढवतो. गळतीचं तसं नाही. तिचा मुक्काम आठवड्यांत मोजतात, आणि स्लीव्हची गळती पुष्कळदा घरी गेल्यावर उघडकीला येते. म्हणून लवकर सुटका झाली यावरून काही सिद्ध होत नाही. घरचे पहिले दहा दिवस मुक्कामाचाच भाग धरा. दवाखान्याचा फोन जवळ हवा आणि नाडी रोज दोनदा मोजायला हवी. नाडी एकशेवीसच्या वर टिकली, ताप आला, धाप लागली, पोटरी सुजली, शौच काळी झाली, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं वाढत गेलं किंवा पाणीही ठरेना, तर सकाळची वाट न बघता फोन करा. परत दाखल होणाऱ्यांमध्ये पाणी कमी पडलेले आणि मळमळीनं बेजार झालेले फार असतात. सलाइन लावल्यावर त्यांतले बरेच लगेच सावरतात.

आठवी पायरी: शरीराबाहेरची कारणं

सकाळी आठला शरीर तयार असतं आणि माणूस निघतो संध्याकाळी सहाला. मधले तास कागदपत्रांचे, बिलाचे, विम्याच्या मंजुरीचे आणि आहारतज्ज्ञांची वाट बघण्याचे. शनिवार-रविवार मध्ये आला की आणखी रेंगाळतं. घरी गुठळी टाळायचं इंजेक्शन कोण देणार, हे शेवटच्या तासाला विचारलं की धांदल उडते. पहिल्याच संध्याकाळी सिस्टरकडून शिकून घ्या. गोळ्या विरघळणाऱ्या किंवा पातळ स्वरूपात मिळतात का, तेही तेव्हाच बघा. घर दवाखान्यापासून दोन तासांहून लांब असेल तर मी अंदाजात सरळ एक रात्र वाढवते, मग ती दवाखान्यात काढा किंवा जवळपासच्या नातेवाइकांकडे.

दवाखान्यात माझ्यासारखंच काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. संगणकाकडून "2.7 दिवस" असा आकडा काढून फळ्यावर लिहू नका. "दोनहून जास्त रात्री लागण्याची शक्यता किती?" असं विचारलंत तर खाटांचं नियोजन जमतं. आणि भाकितात फक्त शस्त्रक्रियेआधी माहीत असलेल्या गोष्टी घाला. शस्त्रक्रियेला किती वेळ लागला हे आत शिरलं की मॉडेल हुशार दिसतं आणि आदल्या दिवशी त्याचा काही उपयोग होत नाही.

हे सगळं झाल्यावर ऑफिसला आणि घरी पाठवायचा निरोप एवढाच असू द्या: "बुधवारी शस्त्रक्रिया. बहुतेक शुक्रवारी दुपारी घरी, लांबलं तर शनिवार. रविवार मोकळा ठेवलाय. गुरुवारी सकाळी दहानंतर नक्की कळवते, त्याआधी विचारू नका."